करिंथांतील एक बिऱ्हाड

ज्युबिलीच्या अंकासाठीं धर्मग्रामाचा इतिहास लिहावयाचा म्हणून गेल्या पावसाळ्यांत आम्हीं जुनीं दप्तरें बाहेर काढिलीं. स्नानसंस्काराच्या वह्या, लग्नांच्या वह्या, देवळाच्या बांधकामाचे हिशेब, धर्मगुरूंच्या नेमणुकीचे कागद, सर्व कांहीं कसर लागलेलें परंतु जागच्या जागीं मिळालें. कोणता फादर कोणत्या वर्षीं आला, घंटा केव्हां चढविली, छपराचीं कौलें किती रुपयांस पडलीं, हें सर्व लिहिलेलें आहे. एक गोष्ट मात्र कोठेंच लिहिलेली नाहीं. देऊळ उभें राहण्यापूर्वीं जो फादर वर्षांतून दोनचार वेळां येत असे, तो कोणाच्या पडवींत मिस्सा करी, कोणाच्या चुलीवरची भाकर खाई आणि त्याच्या अंथरुणासाठीं त्या घरच्या माणसांनीं कोणता कोपरा रिकामा केला, हें त्या वह्यांत नाहीं. म्हातारे लोक दोन निरनिराळीं घरें दाखवितात आणि दोन्ही घरचीं माणसें हा मान आपलाच म्हणून सांगतात. ह्या वादाचा निकाल आमच्यानें लागला नाहीं. धर्मगुरूंची यादी ह्या अंकांत अन्यत्र छापली आहेच. तेव्हां तिची पुनरुक्ति न करितां, तशाच एका जुन्या बिऱ्हाडाची हकीकत आम्ही येथें सांगतों. तें बिऱ्हाड ख्रिस्तसभेच्या अगदीं आरंभीं, परक्या मुलुखांत होऊन गेलें आणि त्याची नोंद सुदैवानें राहिली.

सेमिनरींत असतांना संत पौलाचे प्रवास आम्हीं नकाशावर पाठ केले. भिंतीवर मोठा नकाशा होता आणि त्यावर तांबड्या शाईची रेघ अंत्युखियाहून निघून फिलिप्पै, थेस्सलनीका, अथेनै आणि करिंथ अशी धांवत होती. प्रेषित कोठें गेला हें त्या रेघेवरून कळे. तो कोठें जेवला, कोणाच्या छपराखालीं निजला, हें आमच्या वर्गांत कोणी विचारिलें नाहीं आणि खरें सांगावयाचें तर आम्हांसहि तें सुचलें नाहीं. पुढें खेड्यापाड्यांतून हिंडण्याची पाळी स्वतःवर आली, तेव्हां सुवार्तेचें काम अर्धेंअधिक दुसऱ्याच्या चुलीवर चालतें हें आम्हांस उमगलें.

करिंथाच्या मुक्कामापुरतें ह्या प्रश्नाचें उत्तर संत लूकानें आपल्या प्रेषितांच्या कृत्यांत, अठराव्या अध्यायाच्या आरंभीं, दोनतीन ओळींत देऊन ठेविलें आहे. पौल अथेनै सोडून करिंथास आला. तेथें त्यास अक्विल्ला नांवाचा एक यहुदी भेटला. हा मूळचा पंत प्रांतांतील, म्हणजे काळ्या समुद्राच्या दक्षिण किनाऱ्याकडचा. तो आपली बायको प्रिस्किल्ला हिजसह इटलीहून नुकताच आला होता, कारण सर्व यहुद्यांनीं रोम सोडून जावें असा हुकूम क्लौद्य बादशहानें काढिला होता. पौलाचा आणि त्यांचा धंदा एकच असल्यामुळें तो त्यांच्या घरीं राहिला व तीं मिळून काम करूं लागलीं. धंदा तंबू करण्याचा.

ह्या हुकुमाची गोष्ट रोमी इतिहासकार स्वेतोनियस यानेंहि नमूद केली आहे. क्रेस्तुस नांवाच्या कोणाच्या चिथावणीनें यहुद्यांत एकसारखे दंगे होत असल्यामुळें बादशहानें त्यांस घालवून दिलें, असें तो म्हणतो. क्रेस्तुस म्हणजे ख्रिस्तच, आणि रोमच्या सभास्थानांत ख्रिस्ताच्या नांवावरून जे तंटे माजले त्यांचा हा ऐकीव वृत्तांत होय, असें पुष्कळ पंडितांचें मत आहे. पांचव्या शतकांतील ओरोसियस ह्या ख्रिस्ती ग्रंथकारानें ही हद्दपारी क्लौद्याच्या नवव्या वर्षीं, म्हणजे इ. स. ४९ त, झाली असें सांगितलें आहे. तें मानिलें तर अक्विल्ला व प्रिस्किल्ला हीं ख्रिस्ताच्या नांवासाठीं घर गमावलेलीं माणसें ठरतात. तीं करिंथास येण्यापूर्वींच ख्रिस्ती झालीं होतीं असें समजण्यास आणखीहि एक कारण आहे. करिंथांत आपण स्वहस्तें कोणाकोणास स्नानसंस्कार दिला हें पौलानें पुढें एका पत्रांत मोजून सांगितलें आहे: क्रिस्प, गायस आणि स्तेफनाच्या घरचीं माणसें. अखया प्रांताचें प्रथमफळ म्हणून तो स्तेफनाच्याच घराचा गौरव करितो. त्यांत ह्या जोडप्याचें नांव नाहीं. तेव्हां पौलानें त्यांस ख्रिस्ताकडे आणिलें असें दिसत नाहीं. त्यांनींच ख्रिस्ताच्या प्रेषितास घरांत घेतलें.

रोमेहून ग्रीसला जाण्याचा सरळ मार्ग म्हणजे आप्पियाच्या सडकेनें ब्रुंदिसियम बंदरापर्यंत पाऊणदोनशे कोसांची वाट आणि तेथून पुढें गलबत. हिवाळ्यांत, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत, दर्या बहुतेक बंद असे. अशा प्रवासांत संसार किती बरोबर येणार! परंतु कातडें वा जाड कापड शिवणाऱ्या कारागिराचें एक बरें असतें. लोहाराचा ऐरण किंवा कुंभाराचें चाक उचलून नेतां येत नाहीं. ह्यांचें सारें भांडवल म्हणजे सुरी, आरी, दाभण, मेण लावलेला दोरा आणि शिवण्यास सरावलेले हात. एका गुंडाळींत बांधून कांखेस मारिलें कीं झालें. ज्या धंद्यामुळें तीं पुढें तीन शहरांत बिऱ्हाड थाटूं शकलीं तो धंदा असा हलका, उचलता होता.

आतां हें काम कातड्याचें कीं कापडाचें ह्याविषयीं पंडितांत एकमत नाहीं. पौल तार्स शहरचा. त्याच्या किलिकिया प्रांतांत बकऱ्यांच्या केसांचें एक जाडेंभरडें कापड विणीत आणि प्रांताच्या नांवावरून त्यास किलिकियम म्हणत. आपल्या घोंगडीचें तें दूरचें नातलग म्हणावें. कोणी म्हणतात, त्या काळचे तंबू मुख्यत्वें कातड्याचे. कोणी त्या काळच्या तागी कापडाच्या छतांकडे बोट दाखवितात. दुकानांपुढें, घरांच्या चौकांवर आणि नाटकगृहांवर उन्हासाठीं तीं ताणीत असत. आम्हांस वाटतें, पोटासाठीं धंदा करणारा मनुष्य एवढी निवड करीत नाहीं. गिऱ्हाईक जें फाटलेलें घेऊन येईल तें तो शिवून देतो.

धंद्यास गांव मात्र उत्तम मिळालें. जुनें करिंथ इ. स. पूर्वीं १४६ त रोमी सेनापति मुम्मियस यानें जाळून टाकिलें होतें. शंभर वर्षें तें बहुतेक ओसाड पडलें आणि इ. स. पूर्वीं ४४ त ज्यूलियस सीझरनें तेथें नवी वसाहत वसविली. म्हणजे आमचें जोडपें आलें तेव्हां शहराचें वय शंभराहून फार अधिक नव्हतें. मुक्त झालेले गुलाम, व्यापारी, खलाशी, देशोदेशींचे उपरे अशांची ती वस्ती. उपऱ्यास तेथें कोणी उपरा म्हणत नसे. दोन समुद्रांमधील चिंचोळ्या भूमीवर शहर असल्यामुळें त्यास दोन बंदरें होतीं: पश्चिमेच्या आखातावर लेखियन आणि पूर्वेच्या समुद्रावर केंख्रिया. दोन समुद्रांमध्यें जहाजें व माल ओढून नेण्यासाठीं फरसबंदी वाट होती. तेथें कालवा खणण्याचा उद्योग नीरोनें इ. स. ६७ त आरंभिला, तो पुरा होण्यास १८९३ साल उजाडलें. जवळच इस्थमिया येथें दर दोन वर्षांनीं मोठे खेळ भरत. प्रेक्षकांची दाटी होई, राहण्यास तंबू लागत आणि विकणाऱ्यांस पाल. इ. स. ५१ चे खेळ पौलाच्या मुक्कामांत आले असावेत. पुढें त्यानें करिंथकरांस धांवण्याच्या शर्यतीचा आणि सुकून जाणाऱ्या पाल्याच्या मुकुटाचा दाखला दिला, तो त्यांच्या घरचाच होता. त्या हंगामांत अक्विल्लाच्या दुकानीं दिवा उशिरापर्यंत जळत असेल.

अमेरिकन पंडितांनीं १८९६ सालापासून करिंथाचें उत्खनन चालविलें आहे. बाजारपेठा, न्यायासनाचा चौथरा, पिरीनीचें प्रसिद्ध कारंजें, असें बरेंच कांहीं उघडें झालें आहे आणि तेथील दुकानांचे गाळेहि मोजतां येतात. जेरुसलेमच्या बायबल विद्यालयांतील डॉमिनिकन फादर जेरोम मर्फी-ओकॉनर, जे २०१३ सालीं निवर्तले, त्यांनीं ह्या गाळ्यांचा विचार करून अक्विल्लाच्या बिऱ्हाडाचें चित्र रेखाटलें आहे. गाळा सुमारें चार मीटर खोल आणि तेवढाच उंच. रुंदी कोठें तीन मीटर, कोठें चार. आंत पाणी नाहीं, मोरी नाहीं. मागें किंवा कोपऱ्यांत शिडी, वर लांकडी माळा, आणि दाराच्या वर उजेडापुरती एक खिडकी. घरधनी माळ्यावर निजावयाचे आणि पाहुण्यानें खालीं, कातड्यांच्या व कापडांच्या गठ्ठ्यांमध्यें पथारी टाकावयाची. असें दुकान अक्विल्लाचें होतें असा पुरावा नाहीं. परंतु हातावर पोट असलेल्या कारागिरांचीं बिऱ्हाडें त्या शहरांत अशीं होतीं एवढें निश्चित. मुंबईच्या चाळींतील एका खोलींत ज्यांनीं गांवाकडचा पाहुणा महिनेन्‌महिने ठेवून घेतला आहे त्यांस अधिक वर्णन नको.

पाहुणा एकटाहि राहिला नाहीं. कांहीं दिवसांनीं मासेदोनियाहून सीला व तीमथ्य हे दोघे येऊन पोहोंचले. ते त्याच माळ्याखालीं उतरले कीं अन्यत्र हें लूकानें लिहिलें नाहीं. पण त्यांच्या येण्याजाण्याची, जेवण्याखाण्याची झळ त्या घरास लागल्यावांचून राहिली नसेल. तें काम कोणाकडे आलें असेल हें स्त्रीवाचकांस सांगण्याची जरूर नाहीं. पाणी कारंजावरून घागरींनीं आणावयाचें, दळावयाचें, भाजावयाचें, दिव्यास तेल पुरवावयाचें. त्या काळच्या गरिबाचें जेवण म्हणजे जवाची वा गव्हाची भाकर, जैतुनाचीं फळें, कडधान्य, क्वचित् मासळी. मांस घेणें म्हणजे दुहेरी पंचाईत. एक तर तें महाग. दुसरें, बाजारांत येणारें पुष्कळसें मांस मूर्तीपुढील बळीचें. तें खावें कीं खाऊं नये ह्याबद्दल करिंथकर ख्रिस्ती लोकांत पुढें केवढा वाद माजला आणि पौलास त्यावर किती लिहावें लागलें, हें त्याच्या पहिल्या पत्रांत दिसतें. तो प्रश्न सभेंत उठण्यापूर्वीं स्वयंपाक करणारीच्या मनांत उठला असला पाहिजे.

शिवाय तिचें काम चुलीपाशीं संपत नव्हतें. तंबू करणारीं तीं, असें लूक अनेकवचनांत म्हणतो. त्यांत नवऱ्याबरोबर बायकोहि आली असें आम्ही मानितों. कारागिराच्या घरीं दोन हात रिकामे ठेवणें परवडत नाहीं.

दिवसाचा क्रम असा दिसतो. उजाडतां दुकान उघडावयाचें, दारापाशीं उजेडांत बसावयाचें, मान खालीं घालून शिवावयाचें. हें काम शांत. टांके घालतां घालतां बोलतां येतें आणि बोलणें ऐकण्यास रस्त्यावरचा मनुष्य उंबऱ्याशीं टेकतो. रोनाल्ड हॉक ह्या पंडितानें १९८० सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकांत असें दाखविलें आहे कीं, पौलाच्या सुवार्तेचें व्यासपीठ म्हणून कारखान्याचा विचार फारसा कोणी केला नव्हता, आणि तो करावयास हवा. शब्बाथ दिवशीं काम बंद, आणि पौल सभास्थानांत यहुदी व ग्रीक लोकांशीं वाद करावयास जाई. बाकीचे सहा दिवस आरी आणि दोरा. थेस्सलनीकाकरांस लिहिलेलें पहिलें पत्र ह्याच मुक्कामांतलें. बहुतेक पंडितांच्या मतें नव्या करारांतील सर्वांत जुना लेख तोच होय. म्हणजे नव्या कराराचें पहिलें पान ज्या दिवसांत लिहिलें गेलें, ते दिवस ह्या बिऱ्हाडांतले! त्या पत्रांत पौल थेस्सलनीकाकरांस आठवण देतो कीं, तुमच्यापैकीं कोणावर भार पडूं नये म्हणून आम्हीं तुमच्यांत असतांना रात्रंदिवस कष्ट केले. आणि तें लिहितांना तो करिंथांतहि तसेच कष्ट करीत होता.

ही हाताची मिळकत त्या काळीं प्रतिष्ठेची नव्हती. सिसेरोनें आपल्या नीतिग्रंथांत साफ म्हटलें आहे कीं, कारागीर हलके होत आणि कारखान्यांत कुलीन माणसास शोभण्याजोगें कांहींच असूं शकत नाहीं. करिंथाच्या नवश्रीमंतांसहि तसेंच वाटे. आपला उपदेशक दाभण घेऊन बसतो आणि आपले पैसे घेत नाहीं, ही गोष्ट त्यांस लागली. पौलाच्या पत्रांत त्याचे पडसाद आहेत. मासेदोनियाच्या बांधवांनीं पाठविलेली मदत त्यानें घेतली, करिंथकरांची घेतली नाहीं. मात्र ज्या घरीं तो राहिला तेथील अन्न त्यानें खाल्लें, आणि तेथें बसून कामहि केलें.

येथें एक गोष्ट ओघानें सांगणें इष्ट आहे. केफा, प्रभूचे बंधू व इतर प्रेषित ख्रिस्ती भगिनीस बरोबर घेऊन फिरतात असें पौल त्याच करिंथकरांस लिहितो. ह्या शब्दांचा अर्थ धर्मपितरांनीं एकसारखा लाविला नाहीं. परंतु दुसऱ्या शतकाच्या अखेरीचा आलेक्झांद्रियाचा क्लेमेंत म्हणतो कीं, प्रेषित आपल्या पत्नींस बहिणींप्रमाणें वागवून बरोबर नेत, त्या घरांतील स्त्रियांमध्यें जाऊन काम करीत, आणि अशा रीतीनें कोणास बोट ठेवण्यास जागा न राहतां प्रभूची शिकवण अंतःपुरांत पोहोंचे. पौलास पत्नी नव्हती. करिंथांतील घरांच्या आंतल्या दारापर्यंत त्याची शिकवण पोहोंचविण्याचें काम जिच्याकडे आपसूक येणार अशी स्त्री त्याच्या बिऱ्हाडीं प्रिस्किल्लाच होती.

परंतु ह्या पाहुणचाराचें खरें मोल चुलीवरच्या खर्चानें मोजतां येत नाहीं. सभास्थानांतील तंट्यामुळें ह्यांचें रोमेंतील घर गेलें होतें. करिंथास येऊन दुकान मांडलें, गिऱ्हाईक जमूं लागलें, तों तोच तंटा पुन्हां सुरू झाला आणि ह्या वेळीं तंट्याचें कारण त्यांच्याच दुकानांत शेजारीं बसून शिवीत होतें. पौलास सभास्थानांतून निघावें लागलें. तो शेजारच्याच घरांत, तीत युस्त नांवाच्या गृहस्थाकडे, उपदेश करूं लागला. सभास्थानाचा अधिकारी क्रिस्प सहकुटुंब ख्रिस्ती झाला. भिंतीला भिंत लागून हें चाललें होतें. असें किती दिवस चालणार, हें रोमेहून आलेल्या त्या दोघांस कोणी सांगावयास नको होतें. बाबा, तुम्ही आतां दुसरीकडे जा, असें त्यांनीं म्हटलें असतें तर त्यांस कोणी दोष दिला नसता.

शेवटीं प्रकरण सुभेदारापुढें गेलेंच. हा गल्लियो, तत्त्वज्ञ सेनेका याचा भाऊ. डेल्फी येथें सांपडलेल्या एका शिलालेखाच्या तुकड्यांत क्लौद्य बादशहाचें पत्र असून त्यांत गल्लियोचें नांव आहे. त्यांपैकीं चार तुकडे फ्रेंच पंडित एमिल बुर्गे यांनीं १९०५ सालीं प्रसिद्ध केले. त्यांवरून गल्लियो इ. स. ५१-५२ च्या सुमारास अखयाचा सुभेदार होता हें ठरतें, आणि संत पौलाच्या चरित्रांतील बाकीचीं वर्षें लावण्यास हाच भक्कम खुंटा मिळाला आहे. गल्लियोनें फिर्याद ऐकूनहि घेतली नाहीं. गुन्हा असता तर पाहिलें असतें, तुमच्या शास्त्राचा वाद तुम्हीच मिटवा, अशा अर्थाचें बोलून त्यानें सर्वांस न्यायासनासमोरून हांकून दिलें. लोकांनीं सभास्थानाचा अधिकारी सोस्थनेस यास तेथेंच मारिलें. गल्लियोनें तिकडेहि लक्ष दिलें नाहीं. त्याच्या ह्या बेपर्वाईस इतिहासकार नांवें ठेवितात. पण तो चिडून यहुद्यांना शहर सोडण्याचा हुकूम देता, तर इ. स. ४९ ची पुनरावृत्ति होऊन अक्विल्लाच्या बिऱ्हाडास पुन्हां गुंडाळी बांधावी लागली असती.

गुंडाळी बांधावी लागली ती वेगळ्या कारणानें. पौल करिंथांत एकंदर दीड वर्ष राहिला. नंतर तो सूरियास जाण्यास निघाला आणि प्रिस्किल्ला व अक्विल्ला त्याच्याबरोबर निघालीं. कोणाचा हुकूम नव्हता. दुकान चालू होतें. केंख्रियेस गलबतावर चढण्यापूर्वीं नवसाप्रमाणें डोकें मुंडविल्याचा उल्लेख आहे. कोणाचें, पौलाचें कीं अक्विल्लाचें, हें वाक्याच्या ठेवणीवरून दोन्ही प्रकारें लागतें. आम्ही पौलाचें मानितों, पण आग्रह नाहीं. इफिस येथें जहाज लागलें. पौल तेथें थोडेच दिवस थांबून पुढें कैसरीयाकडे व अंत्युखियाकडे गेला आणि हीं दोघें इफिसांत राहिलीं. पुनः नवें शहर, नवें भाडें, नवीं गिऱ्हाइकें, आणि आतां प्रेषितहि जवळ नाहीं.

ह्या मधल्या काळांत आलेक्झांद्रियाचा अपुल्लो इफिसास आला. मोठा वक्ता, शास्त्रांत पारंगत. परंतु त्यास योहानाचाच बाप्तिस्मा ठाऊक होता. सभास्थानांत त्याचें भाषण ऐकून प्रिस्किल्ला व अक्विल्ला यांनीं त्यास आपल्याकडे नेलें आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला. भरसभेंत त्याची चूक काढिली नाहीं, हा त्यांचा पोंच आम्हां उपदेशकांनीं तरी विसरूं नये. येथें लूक बायकोचें नांव आधीं घालतो. सीनाय व व्हॅटिकन ह्या जुन्या हस्तलिखितांत तसेंच आहे, संत जेरोमच्या लॅटिन पाठांतहि तसेंच. पुढील कित्येक ग्रीक प्रतींत मात्र नकलकारांनीं नवऱ्यास पुढें आणिलें आहे. नव्या करारांत ह्या जोडप्याचा उल्लेख एकंदर सहा वेळां येतो आणि चार वेळां तिचें नांव पहिलें आहे. आमच्याकडे जुन्या काळीं गांवोगांव हिंडणारे मास्तर असत. प्रार्थना मास्तर सांगत, पण बायकांस व पोरांस क्रुसाची खूण मास्तरीणबाईंनीं शिकविली, असें सांगणारीं माणसें अजून भेटतात. मास्तरांचीं नांवें निदान पगारपत्रकावर तरी राहिलीं.

पौल परत इफिसास आल्यावर तेथें दोन वर्षांहून अधिक राहिला. तुरन्नाच्या पाठशाळेंत तो रोज बोलत असे. एका जुन्या हस्तलिखितांत ह्या ठिकाणीं पांचव्या तासापासून दहाव्या तासापर्यंत, म्हणजे सुमारें अकरा ते चार, अशी वेळ दिली आहे. ती विश्रांतीची वेळ, जागा रिकामी मिळावयाची. सकाळ अर्थात् कामाची. पौलाच्या अंगास लागलेले रुमाल व फडकीं नेऊन आजाऱ्यांवर ठेवीत आणि ते बरे होत असें लूक लिहितो, तेव्हां आपण एखादें पवित्र वस्त्र मनांत आणतों. मूळ शब्द घाम पुसावयाचें फडकें आणि कामाच्या वेळीं कमरेस बांधावयाचा पंचा अशा अर्थाचे आहेत. तीं फडकीं कारखान्यांतलीं होतीं.

इफिसाहून करिंथास पत्र लिहितांना पौल ह्या दोघांचा व त्यांच्या घरीं जमणाऱ्या ख्रिस्तसभेचा नमस्कार कळवितो. ख्रिस्तसभा घरीं जमणें म्हणजे काय, तें आतां वाचकांच्या ध्यानांत येईलच. कारागिराच्या गाळ्यांत फार तर दहावीस माणसें मावणार. गठ्ठे बाजूस सारावयाचे, झाडून घ्यावयाचें, त्याच फळीवर प्रभूच्या भोजनाची भाकर ठेवावयाची, आणि सर्व गेल्यावर गठ्ठे परत जागीं आणावयाचे. त्याच सुमारास कधीं तरी ह्या दोघांनीं पौलाचा प्राण वांचविण्यासाठीं आपली मान धोक्यांत घातली. हें पौलच रोमकरांस लिहितो. परराष्ट्रीयांच्या सर्व ख्रिस्तसभा त्यांचे आभार मानतात असेंहि म्हणतो. तो प्रसंग देमेत्रिय सोनारानें इफिसांत माजविलेल्या दंग्यांतला असावा असा तर्क आहे.

रोमकरांस पत्र गेलें तें इ. स. ५७ च्या सुमारास. तोंवर क्लौद्य मरून, म्हणजे इ. स. ५४ नंतर, हुकुमाचा जोर सरला होता आणि हें जोडपें रोमेंत परत जाऊन राहिलें होतें. तेथेंहि त्यांच्या घरीं ख्रिस्तसभा जमूं लागली होती. रोमच्या आव्हेंतीन टेकडीवर सांता प्रिस्का नांवाचें प्राचीन देऊळ आहे व तें ह्यांच्याच घराच्या जागीं आहे अशी परंपरा सांगतात. यात्रेकरूंस ही गोष्ट फार आवडते. पण त्या देवळाखालीं १९३४ सालीं आगुस्तीनियन फादरांस जें सांपडलें तें मिथ्र देवाचें भुयारी मंदिर. आणि प्रिस्का नांवाची दुसरीहि एक रोमी हुतात्मा होऊन गेली आहे. सालारिया रस्त्यावरील प्रिस्किल्लेच्या भुयारी दफनभूमीचें नांवहि एका वेगळ्या, श्रीमंत घराण्यांतील बाईवरून पडलें. तेव्हां ह्या खुणा आम्ही हातच्या राखून ठेवितों. भाड्याच्या गाळ्याची खूण दोन हजार वर्षें कशी राहावी?

चौथ्या शतकाच्या अखेरीस संत योहान क्रिसोस्तोम यानें ह्या जोडप्यावर दोन प्रवचनें केलीं. आरंभींच तो श्रोत्यांस विचारितो कीं, नमस्काराच्या साध्या ओळींत बोलण्यासारखें काय आहे असें तुम्हांस वाटतें काय? आणि मग पत्नीचें नांव आधीं कां, हातानें काम करणारीं हीं गरीब माणसें प्रेषिताचीं यजमान कशीं झालीं, ह्यावर तो विस्तारानें बोलतो. आमच्या काळांत पोप सोळावे बेनेदिक्त यांनीं ७ फेब्रुवारी २००७ रोजीं ह्याच दोघांवर उपदेश केला, आणि प्रेषितांनीं पेरलेला विश्वास अशा घरांवांचून जमिनींत रुजला नसता असा त्याचा आशय होता. रोमच्या हुतात्मा-पंचांगांत त्यांचें स्मरण ८ जुलै रोजीं होतें. आपल्याकडे तो दिवस ऐन पावसाचा.

पौलाचें तीमथ्यास लिहिलेलें दुसरें पत्र रोमच्या बंदिवासांतलें. बहुतेक सोबती निघून गेले आहेत. लूक मात्र जवळ आहे. त्रोवासास राहिलेला झगा येतांना घेऊन ये, पुस्तकें आण, हिवाळ्याच्या आधीं ये, असें तो लिहितो. तीमथ्य त्या वेळीं इफिसांत असावा, आणि रोमेंतील घर पुन्हां सोडून हीं दोघें परत इफिसांतच येऊन राहिलीं होतीं, कारण पत्राच्या शेवटीं ज्यांस नमस्कार सांगितला आहे त्यांत पहिलें नांव प्रिस्काचें आहे आणि दुसरें अक्विल्लाचें.